पारस मगदूमचा ठोका

पारस मगदूमचा ठोका बुधवारी सकाळी घर सोडून महांतेश कोष्टीकडे राहायला गेला.

पारस इचलकरंजीत टेक्नो संगीत करायचा. या संगीतात शब्द नसतात, सूर थोडे असतात, आणि ठोका मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता चालतो. लोक नाचतात ते त्याच्यावर. पारसचा ठोका खोल होता आणि किंचित उशिरा पोचायचा, त्यामुळे तो गावात कुणालाही ओळखू यायचा. त्या सकाळी पारसने संगणक लावला तर ठोक्याच्या जागी शांतता होती. नव्या कामातून तो गेला होता, जुन्यातून गेला होता, आणि लोकांच्या फोनमध्ये पारसची जी गाणी होती त्यांतूनही गेला होता. बाकीचे आवाज जागच्या जागी होते, पण ते कुठेच जात नव्हते.

दुपारी महांतेशचा फोन आला. दोघे शाळेपासूनचे मित्र, आणि महांतेशही हेच संगीत करणारा. तो हळू आवाजात म्हणाला, "तुझा ठोका आमच्याकडे आलाय. सकाळपासून माळ्यावर बसलाय. तू जेवलास का?"

पारस जेवला नव्हता. तसाच चपला घालून तो निघाला.

महांतेशच्या थोरल्या बहिणीने, सुनंदाक्काने, दार उघडलं. तिने सांगितलं की आधी तिला शेजारचा यंत्रमाग सुरू झाला असं वाटलं, पण शेजाऱ्यांनी माग कधीच विकलेत हे तिच्या लक्षात आलं, आणि मग तिने ठोका ओळखला. त्याला ऊन लागू नये म्हणून तिने माळ्याच्या झरोक्याला पडदाही लावला होता. ठोका वर एका लयीत वाजत होता. पारसने त्याला इतकं निवांत कधी ऐकलं नव्हतं. त्याला राग आला.

"घेऊन जा की," महांतेश म्हणाला आणि दार सताड उघडून बाजूला झाला.

ठोका माळ्यावरून उतरला, पारसबरोबर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आला आणि तिथून परत गेला. दुसऱ्या दिवशी महांतेश स्वतः त्याला रिक्षात घालून पोचवायला निघाला. नाट्यगृहाच्या चौकात रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा ठोका उतरला. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, तुमचं कोण उतरलं त्याच्यासाठी थांबायचं का. महांतेशने थांबायला सांगितलं. पण ठोका घराच्या दिशेने निघून गेला होता, महांतेशच्या घराच्या.

तरी महांतेश पारसकडे गेलाच. पारस उभ्या उभ्याच बोलत होता. खिडकीपाशी जायचा, परत टेबलाशी यायचा, एखादं बटण उगाच फिरवायचा. त्याने विचारलं, तुझ्याकडे असं काय आहे.

"तू त्याला सारखं काहीतरी करायलास," महांतेश म्हणाला. "जड कर, बारीक कर, काप, परत जोड. मी नुसता ऐकतो. पहिल्यापासून ऐकतो. मला तो आहे तसाच आवडतो."

पारसने त्याला घरी जायला सांगितलं.

गावात बातमी पसरली, आणि पसरता पसरता तिचं रूप बदललं. महांतेशने ठोका पळवला असं लोक बोलू लागले. काही जणांनी पारसला सरळ विचारलं. त्याने मला काही माहीत नाही असं उत्तर दिलं, आणि ते खोटं होतं. त्यानंतर महांतेशला कुणी वाजवायला बोलावेना. हे उत्तर त्याच्याही कानावर गेलं असणार, पण त्याने विषय काढला नाही. ठोका त्याने स्वतःच्या कामात एकदाही वापरला नाही. उलट पाहुण्याला त्रास नको म्हणून तो आपलं काम हेडफोन लावून करू लागला.

पारसने दुसरे ठोके आणून पाहिले. सांगलीच्या एका ओळखीच्या मुलीने आपला एक चांगला ठोका त्याला दिला. तो दुपारपर्यंत राहिला आणि गेला. पारसला एका जागी बसवेना. तो दिवसभर गावात फिरायचा आणि फिरून फिरून महांतेशच्या खिडकीखाली यायचा. वर ठोका चालू असायचा. एकदा हेडफोनची वायर निसटली असावी, कारण ठोक्याच्या जोडीला महांतेशचं नवीन काम ऐकू आलं. त्यात वरच्या पट्टीतला एक लांब, बारीक आवाज होता. तो कुठे वळणार हे पारसला आधीच कळलं. महांतेशचं सगळं काम त्याला पाठ होतं, इतकं की तसा आवाज काढायचा त्याने कितीतरी वेळा प्रयत्न केला होता आणि जमला नाही म्हणून पुसून टाकला होता. वायर परत जोडली गेली. पारस आणखी थोडा वेळ तिथेच येरझाऱ्या घालत राहिला.

सुताच्या एका जुन्या गोदामात रविवारी दुपारी पारसचा कार्यक्रम होता. तो भरवणाऱ्या पूर्वा खंजिरेने महांतेशला फोन केला. ठोका तुमच्याबरोबर येणार असेल तर तो कुठे उभा राहील आणि त्याच्याजवळ भिंत असलेली चालेल का, एवढंच तिने विचारलं. महांतेश म्हणाला, आम्ही मागे दाराजवळ उभे राहू.

गोदाम भरलं. पारसने सुरुवात केली, पण लोक जागेवरच अवघडून उभे राहिले. मग मागून, दाराच्या बाजूने, ठोका ऐकू आला. सगळ्यांनी माना वळवल्या. महांतेश खाली बघत उभा होता. त्याच्या आसपासची माणसं सरकली आणि त्याच्याभोवती मोकळी जागा तयार झाली. चोर हा शब्द कुणीतरी म्हणालं, फार मोठ्याने नाही. महांतेश वळून दाराकडे चालू लागला आणि ठोका त्याच्या मागे निघाला.

पारसने सगळे आवाज बंद केले आणि माईक घेतला.

"त्याने चोरलेला नाही," तो म्हणाला. "ठोका आपणहून गेला. माझ्याकडे त्याला करमत नव्हतं. मला हे माहीत होतं आणि मी बोललो नाही."

गोदामात फक्त ठोका वाजत होता. पारसने माईक खाली ठेवला, परत उचलला.

"आणि वरच्या पट्टीतलं काम महांतेश करतो तसं मला कधी जमलं नाही. त्याचं सगळं मला पाठ आहे. हेही मी त्याला सांगितलं नव्हतं."

महांतेश उंबऱ्यापाशी थांबला होता. तिथेच सुताचा एक खोका उपडा करून तो त्याच्यावर बसला. ठोका त्याच्या शेजारी थांबला.

पारसने परत सुरुवात केली. ठोका इतक्या लांबून येत होता की तो पोचेपर्यंत पारसला दर वेळी थांबावं लागत होतं. हात पुन्हा पुन्हा बटणांकडे जात होते. त्याने ते मागे घेतले आणि तो थांबत गेला. लोक हळूहळू नाचू लागले. त्यांची तोंडं दाराकडे होती आणि पारसला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. काही वेळाने महांतेशचा पाय हलताना दिसला, तेव्हा पारस हसला.

ठोका परत आला नाही. तो अजून कोष्ट्यांच्या माळ्यावर राहतो. पारसचा कार्यक्रम असला की पूर्वा दाराजवळ एक बरी खुर्ची ठेवते. महांतेश लग्नकार्याला बेळगावला गेला तर तेवढे दिवस पारस वाजवत नाही. महांतेशलाही आता कार्यक्रम मिळतात. त्या वेळी ठोका घरी सुनंदाक्काजवळ थांबतो.

पारस बहुतेक दुपारी तिथे जातो आणि माळ्याखाली बसतो. बसल्या बसल्या त्याचा गुडघा हलत असतो, त्यामुळे सुनंदाक्का चहा त्याच्या हातात न देता खिडकीत ठेवते. एकदा त्याने महांतेशला विचारलं, ठोका कधी माझी आठवण काढतो का.

महांतेशने वर कान दिला आणि बराच वेळ ऐकलं.

"काढतो की," तो म्हणाला. "पण तू समोर असलास की नाही काढत."

पारसने चहा संपवला आणि तो जरा बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला.