थांबा क्रमांक नऊचा अबोला

एखादं शहर नीट पाहायचं असेल तर आधी कान बंद करून घ्यावेत, हे आता सर्व सुसंस्कृत देशांत मान्य झालेलं आहे. उघड्या कानांनी हिंडणाऱ्याला काय काय ऐकू येतं! स्कूटर, नळदुरुस्ती, कुणाची तरी सासू. यातून इतिहास हाती लागत नाही. म्हणूनच इटलीतल्या मांतोव्हा शहरात श्रवण-वारसा मंडळाने हेडफोन लावून करायची पायी फेरी सुरू केली, तेव्हा जाणत्यांनी तिचं स्वागतच केलं. पाहुण्याने कानांत बोंडं घालायची, आवाज सांगेल तिथे वळायचं, आवाज सांगेल तिथे थांबायचं आणि आवाज 'आहाहा' म्हणाला की आपणही म्हणायचं. आवाजाला उलट प्रश्न विचारता येत नाहीत, ही यातली सर्वांत मोठी सोय.

हा आवाज रोममधल्या एका नटाचा होता. त्याने मांतोव्हात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. त्यामुळे त्याच्या बोलण्यात शंकेला कुठेही जागा नव्हती.

फेरीचे फायदे मंडळ वेळोवेळी प्रसिद्ध करत असतं. जानेवारीत तळ्यांवरून असं धुकं येतं की स्वतःचा हात दिसत नाही. तरीही पाहुणे चौकात उभे राहून 'विटांवर रेंगाळणारं सोनेरी ऊन' मन लावून पाहतात, आणि तक्रार एकाचीही नाही. भराभर चालणारं एक जर्मन जोडपं थांबा क्रमांक चार ऐकत ऐकत पाचवर पोचलं आणि राजवाड्याचं समजून एका बँकेचं छत मान दुखेपर्यंत पाहत राहिलं. मंडळाने चौकशी केली. छत खरोखरच बरं निघालं. तळ्याकाठी 'क्षणभर इथली शांतता ऐका' अशी सूचना आहे आणि त्या क्षणभरात तिथले डास पोटभर जेवून घेतात (मंडळाच्या अहवालात याची नोंद 'स्थानिकांशी संपर्क' या सदराखाली आहे).

पण सगळ्यांत लोकप्रिय थांबा नववा. चाळणीवाल्यांच्या गल्लीत समोरासमोर दोन दुकानं आहेत. दोन्हींत ताजे तोर्तेल्ली, म्हणजे भोपळ्याचं सारण भरलेले छोटे उकडलेले कानवले, मिळतात. एकात दुइलिओ गोब्बी बसतो, दुसऱ्यात त्याचा धाकटा भाऊ नेव्हिओ. आवाज सांगतो, "हे सख्खे भाऊ. तीस वर्षांत एकमेकांशी एक शब्दही बोललेले नाहीत. असं म्हणतात, की दोघांचंही एकाच स्त्रीवर प्रेम होतं." यानंतर व्हायोलिन वाजतं.

भाऊ सख्खे होते आणि बोलत नव्हते, इथवर खरं. स्त्रीबद्दल नेव्हिओची बायको इनेस मंडळात जाऊन तंडून आली होती.

"कोण ही बाई? मी? अहो, त्या दुइलिओने माझ्याकडे नुसतं बघितलं असतं ना, तर लाटणं घातलं असतं डोक्यात!"

मंडळाने तिला बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं, की 'असं म्हणतात' असा शब्दप्रयोग असल्याने जबाबदारी म्हणणाऱ्यांवर येते.

खरं कारण भोपळ्यात होतं. आई गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळला दुइलिओने सारणात कडसर बदामी बिस्किटं चुरून घातली आणि आई अशीच घालायची असं ठोकून दिलं. नेव्हिओ म्हणाला, "आई चिमूटभर घालायची. हे तू जेवण वाढलंयस की मिठाई?" त्यावर दुइलिओने सगळ्या सोयऱ्यांसमोर त्याच्या पुढ्यातलं भरलं ताट उचलून नेलं. मांतोव्हात माणसाचं घर बळकावलं तर तो वकिलाकडे जातो. ताट उचललं तर अबोला. गल्लीत कोणालाही यात वावगं वाटलं नाही.

पुढे या अबोल्याला फळं आली. गल्लीतल्या तोस्काने आपल्या बारच्या खुर्च्या अशा मांडल्या की दोन्ही दुकानांची दारं एकदम दिसावीत. दोन्ही भावांचा धंदा वाढला, कारण पाहुणे न्यायबुद्धीने दोन्हीकडून घेत. गल्लीला नवे दिवे मिळाले. थोडक्यात, एका ताटावर अख्खी गल्ली जेवत होती.

आणि नोव्हेंबरात दुइलिओच्या छातीत दुखायला लागलं.

बातमी तोस्काने आणली. "सोमवारी मुलगा येतोय न्यायला. थेट दुकानातूनच वेरोनाच्या इस्पितळात. छाती उघडणार आहेत म्हणे." नेव्हिओ हातातली पोळी लाटत राहिला, ती इतकी पातळ झाली की खालच्या फळीच्या रेघा दिसायला लागल्या. त्याला भीती वाटत होती. शेवटचं जे बोलणं झालं ते मिठाईवरून झालं आणि आता तेच शेवटचं ठरणार की काय, ही ती भीती.

"मी बोलणार त्याच्याशी," तो बायकोला म्हणाला.

"मग कर की फोन."

"तीस वर्षांनी फोन? नळवाल्याला बोलावतोय का मी?"

"बरं, घरी जाऊन ये त्याच्या."

"ताट चारचौघांत उचललं होतं, इनेस. मांडायचं तेही चारचौघांत."

इनेसला हे पटलं. पटलं म्हणून तिने ते तोस्काला सांगितलं, आणि तोस्काने जे करायचं ते केलं. दुपारी मंडळाच्या डॉक्टर फुल्व्हिया दुकानात हजर झाल्या (आमच्याकडे कॉलेज पुरं केलेला प्रत्येक जण डॉक्टर असतो, औषध मात्र कोणीच देत नाही).

"सिन्योर गोब्बी, तुमच्या बोलण्याला मंडळाचा तत्त्वतः विरोध नाही," त्या म्हणाल्या. "फक्त फेरीच्या वेळेत नको."

"फेरीची वेळ काय?"

"तुम्ही दुकान उघडल्यापासून बंद करेपर्यंत."

"वा!"

"किंवा मग हंगाम संपल्यावर बोला."

"तो कधी संपतो?"

"आता नाही संपत. त्यासाठी आम्ही फार कष्ट घेतलेत."

"अहो बाई, माझ्या भावाची छाती उघडणार आहेत! तुमचं ते रेकॉर्डिंग बदला ना."

डॉक्टरबाईंना वाईट वाटलं. वाईट वाटणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. "आवाज देणारे गृहस्थ मागच्या वर्षी वारले," त्या म्हणाल्या. "म्हणजे आवाज आता वारसा झाला. त्याला हात लावता येत नाही. तुम्ही दोघं अजून हयात आहात, तेव्हा जुळवून घ्यायचं ते तुम्हालाच घ्यावं लागेल." जाता जाता दारातून परत फिरून त्यांनी एक सवलतही दिली: सोमवारी भाऊ निघताना नेव्हिओने किंचित मान हलवली तर मंडळ त्याकडे दुर्लक्ष करेल. वाऱ्याने हलल्यासारखी वाटली पाहिजे, एवढंच.

सोमवारी गल्ली गच्च भरली होती. तीस जणांचा एक घोळका हेडफोन लावून उभा होता, तोस्काच्या सगळ्या खुर्च्या गेल्या होत्या. दुइलिओ कोट घालून, पायाशी बॅग ठेवून दारात उभा होता. मुलगा गाडी आणायला गेला होता. दुइलिओ म्हातारा दिसत होता. नेव्हिओला वाटलं, हा कधी झाला असा? रोज तर समोर होता.

नेव्हिओने एक ताट उचललं. लोण्यात घोळवलेले तोर्तेल्ली, वाफ निघत होती. ते घेऊन तो गल्ली ओलांडायला लागला.

"नेव्हिओ, मागे फिर रे बाबा!" तोस्का ओरडली. "सगळी टेबलं भरलीत माझी!"

नेव्हिओ फिरला नाही. भावासमोर जाऊन त्याने ताट पुढे केलं.

"बिस्कीट घातलंय," तो म्हणाला.

दुइलिओने ताटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यातला एक बोटांनीच उचलून तोंडात टाकला. सावकाश चावला.

"जास्त झालंय," तो म्हणाला.

"तुझ्याकडूनच शिकलो ना, गाढवा!"

"आई चिमूटभर घालायची," दुइलिओ म्हणाला, आणि भर गल्लीत हमसून हमसून रडायला लागला. नेव्हिओने ताट खाली उंबऱ्यावर ठेवलं आणि त्याला मिठी मारली.

तोस्काने डोळे मिटून घेतले. आता घोळका खवळणार, पांगणार, वाईट शेरे लिहिणार. पण तसं काहीच झालं नाही. घोळक्याच्या कानांत त्या वेळी आवाज सांगत होता, "पाहा, आजही ते एकमेकांकडे नजर वर करून बघत नाहीत." तीसच्या तीस माणसांनी खेदाने माना हलवल्या. व्हायोलिन सुरू झालं तशी एका बाईने डोळे पुसले. चष्मा लावलेला एक सज्जन पुढे आला, रडणाऱ्या दोन म्हाताऱ्यांपैकी जवळच्याच्या खांद्यावर त्याने हलकेच थोपटलं आणि खुणेने विनंती केली, की जरा बाजूला व्हाल का, भाऊ दिसत नाहीयेत.

दोघेही बाजूला झाले. शेवटी पाहुण्याचा मान राखायला हवा.

दुइलिओ वसंतात परत आला, वाळलेला, पण आवाज शाबूत घेऊन. तेव्हापासून दोघे दिवसभर या दारातून त्या दारात बिस्किटाच्या प्रमाणावरून कडाकडा भांडतात. त्यांच्या ओरडण्याने कबुतरं उडतात. मंडळाच्या ताज्या पाहणीनुसार शंभरातल्या नव्व्याण्णव पाहुण्यांना त्यांच्या अबोल्याने गलबलून आलं. (उरलेल्या एकाची बॅटरी संपली होती. त्याने पैसे परत मागितले.)

आता तुम्ही त्या पाहुण्यांना हसाल. खुशाल हसा. मी म्हटलं तिथे तुम्ही वळलात, म्हटलं तिथे थांबलात, आणि ताटापाशी येऊन, माझ्या अंदाजाप्रमाणे, थोडे हळवेही झालात. पाहुणे म्हणून तुमच्यात काही उणं नाही. फक्त मघाशी, आपण गल्लीत होतो तेव्हा, तुमच्या घरातून कोणीतरी दोनदा हाक मारली. उत्तर न मिळाल्याने तिसऱ्यांदा मारली नाही.