एक स्क्रू जास्त

तपासनीसांचं मॉडेल विमान स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतून कसंबसं पुढे गेलं आणि पाठोपाठ परीक्षकांचा शेरा आला: "डाव्या पंखावरील तपासणी-झाकणास एक स्क्रू जास्त. सबब पृष्ठभाग अचूकतेचे गुण कापण्यात येत आहेत."

तपासनीसांच्या पायाखालची जमीन सरकली. विमान खऱ्यापेक्षा बहात्तर पटींनी लहान, त्यावरचं ते झाकण डाळीच्या दाण्याएवढं, आणि त्याच्या कडेनं त्यांनी शिवणाच्या सुईनं, श्वास रोखून, एकेक टिंब टोचलं होतं. रंग वाळेपर्यंत बायकोला घरात पंखा लावायची परवानगी नव्हती. एवढं करून गुण गेले म्हणजे अंतिम फेरीचा कप पुन्हा साडूच्या घरी जाणार. दरवर्षी तो तिथेच जायचा. "धाकटे जावई फार बारकाईनं काम करतात हो," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत. थोरल्या जावयाबद्दल त्या काहीच बोलत नसत, आणि नेमकं तेच तपासनीसांना झोंबत असे.

तपासनीस हे काही त्यांचं टोपणनाव नव्हे. ते विमानतळावर खऱ्याखुऱ्या विमानांचे तपासनीस होते. रोज सकाळी उड्डाणापूर्वी विमानाच्या बाह्य पृष्ठभागाची पाहणी करायची, हे त्यांचं काम. नियमाप्रमाणे त्यासाठी विमानाभोवती पायी फिरायला हवं. पण ऊन, वारा आणि गुडघे यांचा साकल्याने विचार करून ते जीपमध्ये बसूनच पाहत. दोन पंख आणि एक शेपूट दिसली की सही. एखादं विमान पंखाशिवाय उभं असल्याचं त्यांना आजवर आढळलं नव्हतं, त्यामुळे या पद्धतीवर वरिष्ठही समाधानी होते.

शेरा घेऊन ते तडक मुख्य परीक्षकांकडे गेले. गळ्यात कायम भिंग लटकत असल्यामुळे या परीक्षकांना सगळे भिंगराव म्हणत.

"अहो, मॉडेलच्या खोक्यातल्या नकाशात जितके स्क्रू आहेत, तितकेच टोचलेत मी," तपासनीस म्हणाले.

"नकाशात असतील. विमानावर नाहीत. आपला नियम काय? शेपटीवर ज्या विमानाचा क्रमांक लिहिलात, त्याच विमानाशी मॉडेल जुळायला हवं. तेही अंतिम फेरीच्या दिवशी ते जसं असेल तसं. मी परवाच त्या विमानानं गेलो होतो. खिडकीतून दुर्बिणीनं मोजले. पुढच्या कोपऱ्यातला एक स्क्रू पडलाय."

तपासनीसांनी विचारलं, "मग तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं ना, तुम्हाला. गुण कापले की."

"तसं नाही, विमानातल्या कुणाला?"

"त्यांना कशाला? ते विमान थोडंच स्पर्धेत आहे?"

घरी आल्यावर बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग खऱ्या विमानालाच एक स्क्रू लावा ना. तुमचं मॉडेल आपोआप बरोबर होईल."

तपासनीसांना तिची कीव आली. "अगं, स्क्रू लावायचा म्हणजे आधी तो पडलाय असं लिहून द्यावं लागतं. आणि तो पडलेला होता, तर रोज सह्या कोणी केल्या, असं विचारतील."

"कोणी केल्या?"

तपासनीसांनी भोकं बुजवायची पुट्टी काढली आणि मॉडेलवरचं टिंब बुजवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये फिटर त्यांच्याकडे धावत आला. "साहेब, डाव्या पंखाच्या झाकणाचा एक स्क्रू गेलाय. माझ्याकडे आहे जादाचा. लावून टाकू का? कुणाला सांगायलाही नको."

"हात लावू नकोस," तपासनीस ओरडले. "कालच बुजवलाय मी तो."

त्या दिवसापासून मात्र त्यांच्या कामात आमूलाग्र सुधारणा झाली. ते जीपमधून उतरू लागले. शिडी लावून पंखावर चढू लागले. पोटावर पालथे पडून, डोळ्याला भिंग लावून त्या झाकणाकडे टक लावून बघू लागले. ‘कर्तव्यदक्षतेचा आदर्श’ म्हणून वरिष्ठांनी त्यांचं नाव फलकावर लावलं. स्क्रू नसल्यामुळे झाकणाचा कोपरा किंचित उचलला गेला होता. त्यांनी मॉडेलवरचा कोपरा ब्लेडनं तेवढाच उचलला. मग खऱ्या विमानावर त्या रिकाम्या भोकापासून केसासारखी एक भेग निघाली. तपासनीसांना मनापासून आनंद झाला. साडूच्या सात पिढ्यांना असली भेग कोरता आली नसती.

"साहेब, भेग वाढतेय," फिटर म्हणाला.

"माहितेय. मीही रोज वाढवतोय."

"अहो, विमान न उडवता खालीच उभं ठेवायला पाहिजे."

"उभं राहिलं तर धूळ बसेल त्याच्यावर. मग मी एवढीशी धूळ कुठून आणू?"

फिटरनं लेखी तक्रार करायचं ठरवलं. पण पृष्ठभागाविषयीच्या सर्व तक्रारी तपासनीसांच्याच टेबलावर येत असल्यानं तो विचार त्यानं सोडून दिला. खरं सांगायचं तर भीती तपासनीसांनाही वाटत होती. रात्री ते दचकून उठत. ऐन वेळी भेग एकदम वळली आणि आपल्याला सुई तशी वळवता आली नाही तर, या विचारानं त्यांना घाम फुटे.

अंतिम फेरीच्या दिवशी खातरजमा करण्यासाठी अख्खी उपसमिती त्या विमानानं जाऊन आली. खिडकीवरून दोन परीक्षकांत बाचाबाचीही झाली. निकालपत्रात म्हटलं होतं: "भेगेची लांबी, दिशा व काठ प्रत्यक्षाशी तंतोतंत जुळतात. पृष्ठभाग अचूकतेचे पैकीच्या पैकी गुण." कप घरी आला. सासूबाई पहिल्यांदाच म्हणाल्या, "थोरल्यांचा हात म्हणजे हातच आहे हो." तपासनीसांचे डोळे पाणावले.

समारंभ संपल्यावर फिटर पुन्हा आला. "आता तरी लावू ना?"

"आता कसा लावशील? विमान कंपनीनं मॉडेल मागून नेलंय. प्रवाशांच्या दालनात काचेच्या कपाटात ठेवलंय, कुलूप लावून. खाली पितळी पाटी आहे, ‘आमच्या सेवेतील विमानाची तंतोतंत प्रतिकृती’. तू स्क्रू लावून कंपनीला खोटं पाडणार?"

ते कपाट तुम्ही पाहिलं आहे. गेल्या खेपेला सामान देऊन झाल्यावर हाताशी वेळ होता, म्हणून तुम्ही तिथे थांबलात. काचेला नाक लावून ती भेग मुलीला दाखवलीत आणि म्हणालात, "बघ, याला म्हणतात काम. नाहीतर आपल्याकडे कोण एवढं बघतंय?" फोटोही काढलात. मग तुमच्या उड्डाणाची घोषणा झाली. समोर उभ्या विमानाच्या शेपटीवर तोच क्रमांक होता, पण खिडकीजवळची जागा मिळाल्याच्या आनंदात तुम्ही होतात. पंखावरून ऊन थेट डोळ्यांत येत होतं, म्हणून बसल्या बसल्या तुम्ही खिडकीची झडप खाली ओढून घेतलीत.