रकान्याचं घरचं नाव

नावं ठेवणारी माणसं प्रत्येक कचेरीत असतात. आमच्या मानोऱ्याच्या पंचायत समितीतले सांख्यिकी सहायक इंगोलेबाबू मात्र माणसांना नव्हे, तक्त्यातल्या रकान्यांना नावं ठेवायचे.

सत्तरच्या दशकातल्या सरकारी तक्त्यांचे मथळे ज्यांनी वाचलेत, त्यांना यात वेडेपणा वाटणार नाही. ‘मागील हंगामात पेरणी झालेले परंतु पावसाअभावी दुबार पेरणी करावी लागलेले क्षेत्र’ एवढं एका बोटभर रुंदीच्या रकान्याच्या डोक्यावर असायचं. आम्ही कारकून ते मुकाट्यानं उतरवून घ्यायचो. इंगोलेबाबू पेन्सिल काढून त्यावर बारीक अक्षरात ‘दुबार’ लिहायचे आणि मगच कामाला हात लावायचे.

“कागदावरचं नाव पाव्हण्यायसाठी असते,” ते म्हणत. “काम करतानी घरचं नाव पाह्यजे. तुमची माय तुमाले जेवाले बोलावतानी आडनावासकट बोलावते काय?”

या बाबतीत त्यांचे नियम पक्के होते. आकड्यानं सुरू होणारा मथळा त्यांना खपत नसे. ‘७३-७४’ असं दिसलं की आधी ‘साल’ लिहीत. “आकड्यानं सुरू होते ते नाव नसते, कैद्याचा बिल्ला असते.” एकाच तक्त्यात ‘इतर’ नावाचे दोन रकाने आले तर त्यांचा पारा चढे. “एका घरात दोन रमेश ठेवले त हाक मारल्यावर दोघंई येतीन, नाईत एकई येनार नाई.” मग एक ‘वरचा इतर’ व्हायचा आणि दुसरा ‘खालचा इतर’.

भिंतीवर लावायचा आलेख तयार झाला की मात्र ते पूर्ण नाव परत आणत. खांबाखाली ते तीन-चार ओळींत मोडून लिहीत आणि भोवती शाईची चौकट काढत. “कुंपन नसलं का लांब नाव शेजारच्या खांबाच्या वावरात शिरते,” असं त्यांचं म्हणणं. मथळा खालून वर उभा लिहिलेला आलेख त्यांनी एकदा एका ग्रामसेवकाच्या हातात तसाच परत दिला होता. वाचणाऱ्याची मान मोडायची असेल तर आलेख काढायचा कशाला, हा त्यांचा सवाल होता.

ही सवय कामाबाहेरही सुटत नसे. त्यांच्या तीन पुडांच्या डब्यात भाकर, भाजी आणि इतर असे तीन रकाने होते. ‘इतर’मध्ये बहुधा लसणाची चटणी असायची. आमच्या बीडीओ साहेबांचं नाव पदव्यांसकट दोन ओळी भरायचं, म्हणून ते ‘वरचे’. मी ‘नवा’. सहा वर्षं नोकरी झाली, माझ्यानंतर दोघं लागले, तरी मी नवाच. तक्रार केली तर म्हणाले, “एकदा दिलेलं नाव बदललं का मागचा सारा हिशोब चुकते.”

नाव कोणतंही द्या, पण नोंद चुकीच्या रकान्यात जाता कामा नये. तिथं त्यांच्याकडे दयामाया नव्हती. “ज्याचं ते त्याच्यातच,” हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून रोज ऐकायचो. इंझोरीच्या एका तक्त्यात शेळ्या मेंढ्यांमध्ये शिरल्या होत्या, तेव्हा लिहिणाऱ्याला त्यांनी एसटीनं पुन्हा इंझोरीला पाठवलं होतं.

त्या वर्षी पशुगणना आली. तिच्यात एक रकाना होता: ‘तीन वर्षांवरील नर, शेतीकाम, ओढकाम व पैदास यांपैकी कशासाठीही उपयोगात नसलेले.’ इंगोलेबाबूंनी त्याचं घरचं नाव ठेवलं ‘निवांत’. कचेरीतलं कोण कोण त्या रकान्यात बसेल यावर आमचे दोन-चार चहा झाले.

गावोगाव फिरल्यावर कळलं, की या रकान्यात कोणी बसायलाच तयार नाही. ज्याला उठवताना दोघांना शेपटीला धरावं लागे, त्या बैलाचा धनीही म्हणे, “बेकाम कायचा? थकला हाय जरासा. पोळ्याले पाह्यजा, कसा चालते.” आपल्या बैलाला तोंडानं बेकाम म्हणणं कोणालाच जमत नव्हतं. इंगोलेबाबू वैतागले. “लोकं मायेपोटी खोटं सांगतेत. माया गोठ्यात ठेवा म्हना, तक्त्यात नोको.”

कच्चा आलेख काढला तेव्हा या रकान्याचा खांब ज्वारीच्या दाण्याएवढा झाला आणि खाली पाच ओळींची चौकट. साहेब म्हणाले, “इंगोले, नाव मोठं लक्षण खोटं. काढून टाका हा खांब.”

“साहेब, काढला त ज्याईनं खरं सांगतलं ते कुठी गेले?” इंगोलेबाबू म्हणाले. खांब राहिला.

शेवटी मानोरा गावातली मोजणी उरली आणि इंगोलेबाबूंची खोली माझ्या वाट्याला आली. सकाळी गेलो तर अंगणात बाजेवर त्यांचा धाकटा भाऊ किसन बसलेला, मांडीवर नवं दावं. निंबाखाली एक म्हातारा बैल बसला होता. त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांद्या.

किसननंच मला सगळं सांगितलं. त्यांच्या गावी, रिठदला, घराच्या वाटण्या झाल्या त्यांत चांद्या त्याच्या वाट्याला आला होता. उन्हाळ्यात इंगोलेबाबूंनी चार दिवसांसाठी म्हणून आणला तो परत धाडलाच नाही. आता किसन त्याला बाजारात न्यायला आला होता. “दादा एकटा, अर्धा महिना फिरतीवर. वहिनी जाऊन किती वर्सं झाली, दुसरी केली नाई. म्हाताऱ्या बैलाचं कोन करन?” दोघांत ठरलं होतं, की मोजणीत बेकाम निघाला तर किसननं त्याला न्यावं. ही तोड इंगोलेबाबूंनीच काढली होती.

मी कागद उघडला. “वय?”

“दातच नाईत,” किसन म्हणाला.

“उपयोग?”

“बेकाम लिहा.”

मी इंगोलेबाबूंकडे पाहिलं. ते धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत होते. खाली मान घालूनच म्हणाले, “कामाचा लिहा.”

किसनला हसू आलं. “दादा, तूच म्हनतं ना, ज्याचं ते त्याच्यातच? काय काम करते हा? वखर ओढते का गाडी?”

इंगोलेबाबू चष्मा पुसायचे थांबले. मग म्हणाले, “फिरतीवरून येतो ना मी, त फाटक वाजलं का हा उठून उभा राह्यते. उठाले लय त्रास होते त्याले, तरी उठते. माही वाट पाह्यनारं या गावात दुसरं कोनी नाई, किसन. आता याले काय म्हनतेत, मले नाव सुचत नाई. पन काम हाय.”

किसन बैलाकडे बघत बसला. मग त्यानं दावं गुंडाळून पिशवीत ठेवलं आणि विचारलं, “याले खायाले कुटार हाय काय पुरेसं? नाईत पुढच्या आठवड्यात गाडीभर आनून टाकतो.”

मी ‘शेतीकाम’ या रकान्यात खूण केली. इंगोलेबाबू उठले, चष्मा लावला, खूण बरोबर त्याच रकान्यात पडली आहे ना हे माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं, आणि आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेले.