मिक्सरवरचा ठिपका

मिक्सरचं भांडं तिसऱ्यांदा घासूनही काळंच राहिलं, तेव्हा प्रयोगशाळेतले शिपाई काका सारखे घड्याळाकडे बघायला लागले. संध्याकाळी लेक येणार होती. बायको गेल्यापासून लेकीची एकच ताकीद होती, "बाबा, आईच्या मिक्सरला हात लावायचा नाही. काही लागलं तर मी येऊन वाटून देईन."

आणि आज सकाळी काकांनी तोच मिक्सर पिशवीत घालून इथे आणला होता. प्रयोगशाळेतलं मशीन ऐनवेळी बंद पडलेलं, प्रयोग बघायला आलेले पाहुणे दारात, तो दाखवणाऱ्या मॅडम रडकुंडीला आलेल्या. "काही होत नाही हो काका! ना ॲसिड, ना विषारी धूर. ग्रॅफाइटची पूड, पाणी आणि भांड्यांचा साबण. मिक्सर फिरला की ग्रॅफाइटचे पातळ थर सुटतात, तेच ग्राफीन. निसर्गाला काडीचा धक्का नाही."

निसर्गाला नाहीच बसला. झाकण उडालं आणि काळा फेस मिक्सरवर, टेबलावर, काकांच्या पांढऱ्या मिशीवर आला.

"जाईल ना हे?"

"जाईल की," मॅडम म्हणाल्या, पण दुसरीकडे बघत.

पुसायला घेतलं तर फडकं काळं, फडकं धुतलं तर बेसिन काळं. शेवटी काकांनी कपाटातलं ॲसिटोन चोळलं. मिक्सर पुसला गेला, भांड्याचं काळं जागचं हललं नाही. पण मिक्सरच्या बुडाशी बायकोने खूण म्हणून लावलेला नेलपॉलिशचा लाल ठिपका मात्र साफ गेला. काका बाटली ठेवून ठिपक्याची जागा शोधत राहिले. तिच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं.

मॅडमच्या पर्समध्ये नेलपॉलिश होतं, पण गुलाबी. काकांनी तेच टेकवलं.

घरी येऊन भांडं डब्यामागे दडवलं, मिक्सर जागेवर ठेवला. लेक आली ती थेट स्वयंपाकघरात. बराच वेळ आवाज नाही. बाहेर काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"बाबा... हा ठिपका... गुलाबी..."

"अगं, ऐक तर..."

"लाल ठिपका पुसलात, म्हणजे तुम्हाला कळलं!" ती रडायलाच लागली. "आईचा मिक्सर ती गेल्यावर लगेचच जळला माझ्या हातून. मी तसलाच दुसरा आणला. ठिपकासुद्धा मीच लावला. तुम्ही जवळून बघाल म्हणून हात लावू देत नव्हते."

काका उठून आत आले. "जळका कुठंय?"

"माझ्या कपाटात. टाकवला नाही."

"टाकू नकोस. घेऊन ये." मग त्यांनी आवाज जरा चढवला. "आणि बापापासून काही लपवायचं नाही, कळलं?"

"हो बाबा." लेकीने डोळे पुसले आणि त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "पण तुम्ही मिशीला कलप कधीपासून लावायला लागलात?"