शकूआत्याची निदरलानी शाळा

माझी शकूआत्या लहान मुलाशी कधी उभ्यानं बोलत नाही. आधी खाली बसते, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येते आणि मग तोंड उघडते. जागा कोणती हे ती पाहत नाही. तेलंगणातल्या आमच्या जैनथ गावच्या बसथांब्यावर बसते, बँकेच्या रांगेत बसते, एकदा तर वरातीत बँडवाल्यांच्या पुढ्यातच बसली. बसणं सोपं असतं. गुडघे गेलेले असल्यामुळे उठणं अवघड. समोरच्या पोराचा हात धरून ती उठू बघते, ते पोर तिच्या अंगावर कोसळतं, आणि मग मला हाक येते, "बापू, उचल रे मले!" एकदा तिला उचलेपर्यंत आदिलाबादची बस खोळंबली होती. ड्रायव्हर तेलुगूत काय बोलला, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

"आत्या, उभ्यानं बोललं तर काय बिघडतं?" मी विचारलं.

"उभ्यानं बोललं का लेकराले फक्त आपल्या नाकाचे भोकं दिसतेत. थे काय ऐकीन?"

हे ज्ञान तिनं नेदरलँडहून आणलं. आत्या त्याला निदरलान म्हणते. आतोबा गेल्यावर त्यांचं किराणा दुकान बंद झालं, आणि तिची मुलगी अनिता तिला तिकडं घेऊन गेली. नात रेवा शाळेत जायच्या वयाची झाली होती, आणि अनिता नि जावई दोघंही नोकरीवर. त्यामुळे रेवाला शाळेत रुळवायचं काम आत्याकडं आलं. शाळेतली बाई ब्राझीलची. तिनं आत्यालाही कोपऱ्यात एक बुटकी खुर्ची दिली. डच ना नातीला येत होतं, ना आजीला. दोघी एकाच वर्गात बसल्या.

परत आली ती बदलूनच. आधी ती गावातल्या पोरांना "चाल हो बाजूले" म्हणायची, ती आता "तुले काय करू वाट्टे?" असं विचारू लागली. पोरं घाबरून घरी पळाली.

मग तिनं अंगणात शाळा काढली. घंटा नाही, पाटी नाही, छडीचा तर प्रश्नच नाही. कोणी तांब्यातून तांब्यात ज्वारी ओततंय, कोणी तूर आणि सोयाबीन वेगळं करतंय, कोणी शर्टाची गुंडी लावायला बसलंय ते दुपार झाली तरी लावतंच आहे. आत्या मदत करत नाही. नुसती जवळ बसून बघते. मी सरकारी मराठी शाळेत मास्तर आहे. माझ्या वर्गात एवढी शांतता फक्त साहेब तपासणीला आल्यावर असते. कौतुकानं बघायला गेलो आणि एका पोराच्या बुटाची नाडी बांधून दिली, तर आत्यानं मला अंगणाबाहेर काढलं.

"त्याचं काम काऊन चोरलं तुनं?"

गावाला हे काही पटत नव्हतं. कापूसवाला संजय एक दिवस तावातावानं आला. त्याचा पोरगा सुरीनं भेंडी चिरत होता.

"काकू, लेकराले शिकाले पाठोलं का सैपाकाले?"

"थे सोताच्या मनानं चिरून राह्यला. पाह्य कसा बोटं दुमडून धरते."

"पण एबीसीडी येते का याले?"

"त्याले काय येत नाही थे मले मालूम हाय. त्याले काय येते थे तुले मालूम हाय का?"

संजय पोराकडं बघत उभा राहिला. पोरानं मान वरसुद्धा केली नाही. जाताना संजय माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, "मास्तर, काकूले तितं काही चारलं तर नसंन?"

लोक हसले की आत्या आपली माहिती पुढं करायची. "इटलीत निघाली म्हने हे रीत. गरीबाच्या वस्तीत. मंग साऱ्या जगात गेली. जपानात हाय, ब्राझीलात हाय. तितल्या बाईनं मले पृथ्वीच्या गोळ्यावर बोट ठेवू ठेवू दाखोलं. मंग एका जैनथनंच काय घोडं मारलं?"

मध्यंतरी तिला कळलं की आदिलाबादेतच एका खाजगी शाळेनं 'जागतिक बालकेंद्री पद्धत' असा फलक लावलाय. आत्या इस्त्रीचं लुगडं नेसून मला घेऊन निघाली. तिथं सगळं होतं. लाकडी मनोरा, रंगीत मणी, कुलपं-किल्ल्यांची फळी. सगळं काचेच्या कपाटात, आणि कपाटाला कुलूप.

"हे भायेर काऊन नाही?" आत्यानं विचारलं.

"लेकरं खराब करतात," मॅडम म्हणाल्या. "पालक बघायला आले की काढतो."

आत्या काचेला नाक लावून त्या मनोऱ्याकडं बघत राहिली. असा मनोरा रेवाकडं होता, एवढंच परतीच्या बसमध्ये म्हणाली. मग पेनगंगेच्या बाजूला तोंड करून बसली ती गाव येईपर्यंत.

तिच्या अंगणात लक्ष्मी नावाची एक मुलगी यायची. घरी बोलायची, पण बाहेर शब्द काढायची नाही. तिची आई म्हणायची, "मारा, पण बोलती करा." आत्यानं तिला एकदाही बोलायला लावलं नाही. लक्ष्मी पाणी ओतायची, आत्या शेजारी बसायची. उन्हाळा गेला, पाऊस गेला. कापूस वेचायला आला त्या दिवसांत एका सकाळी आत्या धापा टाकत माझ्या घरी आली, हातात पेढ्यांचा पुडा.

"बापू, बोलली!"

"काय बोलली?"

"मले म्हने, 'सरक'! 'सरक, माहं पानी सांडते.'"

आत्या लक्ष्मीच्या उजेडात बसली होती म्हणे. त्या दिवशी गावातल्या घरोघर पेढे गेले. कशाचे म्हणून विचारलं की आत्या अभिमानानं सांगायची, "लक्ष्मी मले सरक म्हनाली." लोक पेढा खायचे आणि एकमेकांकडं बघायचे.

जूनमध्ये इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन गावात येऊ लागली. टाय, बूट, पाठीवर दप्तर. एकेक करून अंगण रिकामं झालं. शेवटी लक्ष्मी गेली. तिच्या आईला सांगताना संकोच वाटत होता. आत्या म्हणाली, "जाऊ दे नं. थे बोलते आता. कोठीबी निभंन तिचं." व्हॅन आली तेव्हा आत्या रस्त्यावर उभी होती. लक्ष्मी पुढच्या खिडकीत बसली आणि शेजारणीशी काहीतरी भांडू लागली. आत्या हसली. पण मग अंगणातले तांबे तिनं तसेच राहू दिले. आत नेले नाहीत.

त्या रविवारी संध्याकाळी मी तिच्याकडं गेलो. आत्या ओट्यावर मोबाईल डब्याला टेकवून बसली होती. पडद्यावर एक सतरंजी दिसत होती आणि तिच्यावर लाकडाचे दोन-चार ठोकळे. माणूस कोणीच नव्हतं.

"फोन लागत नाही का?" मी विचारलं.

"लागला नं. रेवा खेळून राह्यली तितं, बाजूले."

पलीकडून अनिताचा आवाज आला. "आई, बोलावू का तिला? एक मिनिट येईल."

"नको नको! कामात हाय थे. तिच्या मनात आलं का येईन. तू आपलं काम कर."

अनिता गेली. ठोकळ्यांचा टकटक आवाज येत होता. मधूनच रेवा डचमध्ये स्वतःशी काहीतरी गुणगुणायची. त्यातला एकही शब्द आम्हाला कळत नव्हता.

"रोज असंच असतं का?" मी हळूच विचारलं.

"आता मराठी कमी झाली नं तिची. बोलाव म्हटलं तर बोलीन, पण जुलमानं." आत्यानं पदरानं पडदा पुसला. "पयल्या दिवशी थे माहा पदर सोडे ना. बाईनं हाताच्या खुनेनं सांगतलं, आजी, तुमी रोज जराशीक दूर बसा. मी खुर्ची मागं मागं नेत गेली. भिताडापाशी. मंग दारापाशी. मंग दाराच्या भायेर. एका दिवशी तिनं मागं पाह्यलंच नाही. बाईनं टाळ्या वाजोल्या."

"आणि तू?"

"मी बी वाजोल्या. तिच्याच चांगल्यासाठी व्हतं नं थे."

मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात तिनं माझं मनगट घट्ट धरलं. पडद्याच्या कडेला एक लाल मोज्यातला पाय आला. ठोकळा उचलायला क्षणभर टेकला, आणि निघून गेला.

"पाह्यलं?" आत्या कुजबुजली. "बापू, पाय केवढा झाला रे तिचा!"

पडद्यावर पुन्हा नुसती सतरंजी होती. आत्यानं माझं मनगट सोडलं नव्हतं.