हिरव्या रंगातला नवरा

आठवड्याचे सगळे आकडे रविवारी एकदमच भरायचे, असं मी ठरवलं. एवढंच! (चोवीस वर्षं कारकुनी केलेल्या हाताला दुसरं वळण नसतं. ऑफिसातलं आवक-जावक रजिस्टरही मी असंच भरतो.)

त्याचं झालं असं की, माझ्या दम्यासाठी डॉक्टरीणबाईंनी फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. सोबत एक प्लॅस्टिकची नळी. रोज सकाळी तिच्यात जोर लावून फुंकायचं, काटा थांबेल तो आकडा अ‍ॅपमध्ये भरायचा, मग औषधाचा पंप ओढायचा आणि 'घेतला' हे बटण दाबायचं. यातलं बटण दाबणं मला फारच छान जमलं. बाकीचं राहून जायचं.

आता आकडे मनानेच भरायचे, तर हात आखडता का घ्या? पहिल्या आठवड्यात मी साडेतीनशे फुंकलो. दुसऱ्या आठवड्यात साडेचारशे. तिसऱ्यात थेट सहाशे वीस! अ‍ॅप हिरवंगार झालं. 'शाब्बास! तुमचा दमा आटोक्यात आहे,' असा मेसेज आला. तो बायकोच्याही फोनवर जातो आणि आकडे थेट दवाखान्यात, हे मला कुठे ठाऊक?

ती लगेच फडकं घेऊन समोर उभी. "चला. माळा साफ करायचाय."

"अगं, धूळ... माझा दमा..."

"कसला दमा? हिरवे आहात तुम्ही!" तिने फोन माझ्या नाकासमोर धरला.

चढलो शिडी. जुन्या गादीला हात लावला मात्र, असा लोट उठला की माझ्या छातीत कुणीतरी बाजाची पेटी वाजवायला बसलं.

"अगं... धाप..."

"पुरे नाटक. सकाळी सहाशे वीस फुंकलंत ना?"

"खोटं... आहे... ते!"

"कोण खोटं? अ‍ॅप?"

"मी!"

(बायकोशी इतक्या थोडक्यात खरं बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ.)

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला धरून खाली उतरवलं, पर्समधून धाप लागल्यावर घ्यायचा निळा पंप काढला आणि माझ्या तोंडाला लावला. असा एक पंप ती कायम जवळ बाळगते, हे मला त्या दिवशी कळलं. "ओढा. थांबा. परत ओढा." तिचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता. मला फार शरमल्यासारखं झालं. श्वास मोकळा झाला, तशी ती आधी रडली, मग बोलली. रडणं पाच मिनिटांत आटोपलं. बोलणं अजून चालू आहे.

डॉक्टरीणबाईंनी तडक दवाखान्यात बोलावलं. तिथे खरोखर फुंकलो. दोनशे नव्वद!

बाहेर भिंतीवर एक मोठा आलेख लावलेला. जिन्यासारखा चढत गेलेला. खाली लिहिलेलं, 'आमचे आदर्श रुग्ण'. नाव नव्हतं, पण माझी फुंकर मी ओळखली. कंपाउंडर स्टुलावर चढून तो काढू लागला.

"राहू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

माझा ऊर भरून आला.

आलेख अजून तिथेच आहे. खालची ओळ तेवढी खोडून त्यांनी ठळक अक्षरांत 'असं करू नये' लिहवून घेतलं. माझ्याकडूनच. कारकुनाचं अक्षर चांगलं असतं म्हणे!