सासूबाई बसल्या की विझणारा दिवा

सेकोंडी गावाच्या चढावर इबो टांडोची गाडी पुन्हा बंद पडली, तरी मागच्या सीटवरच्या सासूबाई काही बोलल्या नाहीत. इबोला त्याचीच धास्ती वाटली. बेंत्सिवाबाई गप्प असल्या की आत शब्दांना धार लावत असतात, हा त्याचा अनुभव होता.

निघाले होते एलमिनाला, मयतीला. बेंत्सिवाबाईंनी जिच्या शेजारी बसून जन्मभर मासळी विकली, ती मैत्रीण गेली होती. पेटी बंद व्हायच्या आत तिचं तोंड बघायचं होतं. आणि गाडी अशी, की पॅडलवरचा पाय जरा उचलला की मान टाकायची.

गाडी जुनी, इंजिन पाठीमागे. इबोनं सगळ्यांना उतरवून मागचं झाकण उघडलं. कार्बोरेटरवर विजेची एक छोटी झडप असते. चावी फिरवली की ती ‘टिक’ करून उघडते, म्हणून पाय काढला तरी इंजिनाला पेट्रोल मिळत राहतं. बायकोनं, अराबानं, चावी फिरवली. टिक. वीज येते का ते बघायला झडपेच्या वायरीला तपासणीचा छोटा दिवा जोडून पाहिला, तोही लख्ख पेटला. दोष काहीच नव्हता. सगळे बसले, आणि पुढच्याच चौकात गाडी बंद.

मग त्यानं फ्यूज बदलला, वायरींची टोकं खरवडली. एका टॅक्सीवाल्यानं थांबून पेट्रोलला शिव्या दिल्या, दुसऱ्यानं कार्बोरेटरच फेकून द्यायला सांगितलं. दर वेळी सगळे उतरले की दिवा पेटायचा, आणि बसून निघाले की गाडी मरायची. इबोच्या मानेवरून घामाचे ओघळ वाहत होते. मयतीसाठी अंगावर घेतलेलं काळं कापड ग्रीसनं आणखी काळं झालं होतं.

शेवटी बेंत्सिवाबाईंनी उतरायला साफ नकार दिला. इबोनं चरफडत, त्या बसलेल्या असतानाच वायरीला दिवा जोडला. दिवा पेटेना. टिकही नाही.

त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

“आई, जरा उतरता?” दिवा पेटला. “आता बसा.” विझला. “परत उतरा.”

“जावईबापू,” बेंत्सिवाबाई म्हणाल्या, “चर्चमध्येसुद्धा एवढी ऊठबस नसते. काय ते स्पष्ट सांग.”

इबोनं अराबाकडे पाहिलं. ती समुद्राकडे बघत होती.

“सीटखाली वायरीचा एक जोड आहे,” तो पुटपुटला. “अराबा बसली तर काही होत नाही. तुम्ही बसलात की स्प्रिंग दबते आणि जोड सुटतो.”

मग बेंत्सिवाबाईंनी पदर सारखा केला. “म्हणजे मी बसले की गाडीची पुढं जायची हिंमत होत नाही.”

“तसंच म्हणा.”

इबोनं सीट उचलली, जोड पिळून त्यावर पट्टी गुंडाळली आणि गाडी पळवली. पेटी अजून उघडीच होती. बेंत्सिवाबाई मैत्रिणीच्या कानाशी वाकून खूप वेळ काहीतरी सांगत राहिल्या. नंतर मांडवातल्या बायकांनाही त्यांनी सांगितलं, की गाड्या काय, कुणालाही घेऊन धावतात. पण त्या बसल्या की जावयाची गाडी अदबीनं थांबते. ते दिसावं म्हणून परतताना त्यांनी दोन बायकांना आग्रहानं सोबत घेतलं.

गाडी वाटेत एकदाही थांबली नाही. चौकात इंजिन शांतपणे घुरघुरत राहिलं. बायका एकमेकींकडे बघून हसू दाबत होत्या.

घराशी उतरताना बेंत्सिवाबाईंनी दार धाडकन लावलं.

“बिघडवून ठेवलीस,” त्या म्हणाल्या. “उद्या एखाद्या चांगल्या फिटरला दाखव.”